डॉ. विल्यम केरी ह्यांचे तीन संसार

आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत एखादा प्रौढ विधुर पुन्हा लग्न करणार असे कळले की दोन तऱ्हेची बोलणी सुरू होतात. काहीजण म्हणतात की, घरात भाकरी थापायला कोणीतरी हवेच, तेव्हा त्याने खुशाल करावे. दुसरे म्हणतात की, पहिलीच्या कबरेवरची माती अजून वाळली नाही, आणि ह्याला ह्या वयात नवरदेव होण्याची हौस आली आहे. लग्न करू पाहणारी विधवा असली तर तिच्याविषयी ह्याहूनही कठोर शब्द निघतात. अशा वेळी उतारवयातील विवाह कशासाठी असतो, ह्या मूळ प्रश्नाकडे बहुधा कोणाचेच लक्ष जात नाही. म्हणून ह्या अंकी आम्ही वाचकांपुढे एका थोर पुरुषाचे चरित्र त्याच्या संसाराच्या बाजूने ठेवीत आहो. त्याचे नाव सर्वांस ठाऊक आहे. त्याच्या कार्यावर उपासनेत कितीदा तरी उपदेश झाला असेल. परंतु त्याच्या घरातील सुखदुःखाची हकिकत फार थोड्यांच्या कानी गेली आहे.

हा पुरुष म्हणजे डॉ. विल्यम केरी. मराठी ख्रिस्ती माणसावर त्यांचे ऋण विशेष आहे. बंगालातील श्रीरामपूर येथे (आमच्या प्रवरेच्या मुलखातील श्रीरामपूर ते निराळे) बसून त्यांनी वैजनाथ पंडितांच्या साह्याने मराठी भाषेचा अभ्यास केला. सन १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण छापले, सन १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश काढला, आणि सन १८११ मध्ये नवा करार मराठीत छापून प्रसिद्ध केला. महाराष्ट्रात मिशनचे पाऊल पडण्यापूर्वीच त्यांच्या छापखान्यातून आमच्या भाषेत शुभवर्तमान निघाले होते. ज्या हातांनी हे काम केले ते हात संध्याकाळी कोणत्या घरी विसावत होते, ते आता पाहू.

केरीसाहेबांचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ रोजी इंग्लंडात नॉर्दम्प्टनशायर परगण्यातील पॉलर्सपरी ह्या खेड्यात झाला. बाप प्रथम विणकर होता व मागाहून गावच्या शाळेचा मास्तर झाला. मुलाला अंगावर ऊन सोसत नसे, म्हणून शेतीचे काम सोडून त्याला चांभारी शिकण्यास ठेवण्यात आले. जोडे शिवता शिवता तो लॅटिन, ग्रीक व हिब्रू भाषा शिकला. ता. १० जून १७८१ रोजी, वयाची वीस वर्षे भरण्याच्या आतच, त्याने डॉरोथी प्लॅकेट हिच्याशी लग्न केले. ती त्याच्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी होती. तिला लिहितावाचता येत नव्हते. लग्नाच्या नोंदवहीत सहीच्या जागी तिने फुलीची निशाणी केली. दारिद्र्य इतके की कधी कधी पोटभर अन्नाचीही भ्रांत असे. पहिली मुलगी दोन वर्षांची होऊन तापाने गेली. त्याच तापात केरीसाहेबांच्या डोक्यावरचे केस गळून गेले. पुढे आणखी एक मुलगी त्यांनी मातीत ठेविली. हे सर्व डॉरोथीने नवऱ्याच्या बरोबरीने सोसले. तिच्याविषयी काही बोलण्यापूर्वी वाचकांनी हे ध्यानात ठेवावे.

सन १७९२ च्या ऑक्टोबरात केटरिंग येथे मिशन सोसायटी स्थापन झाली, आणि केरीसाहेबांनी स्वतः हिंदुस्थानात जाण्याचे ठरविले. डॉरोथीने नकार दिला. तिने जन्मात समुद्र पाहिला नव्हता, पदरी लहान मुले होती, आणि पुन्हा दिवस गेलेले होते. नवरा थोरल्या मुलाला, फेलिक्सला, बरोबर घेऊन एकटाच निघाला. परंतु परवान्याच्या व कर्जाच्या अडचणीमुळे त्यांना त्या जहाजातून उतरावे लागले. दुसरे जहाज मिळेपर्यंत काही दिवस हाती आले, तेव्हा ते पुन्हा घरी गेले. ह्या खेपेस, धाकटी बहीण कॅथरीन सोबत येणार असेल तर येते, असे डॉरोथीने कबूल केले. चोवीस तासांच्या आत घरदार आवरून, काही आठवड्यांच्या तान्ह्या जाबेझला पोटाशी धरून, ता. १३ जून १७९३ रोजी ती जहाजावर चढली. आमच्या बायकांना माहेर सोडण्याचे दुःख ठाऊक आहे. परंतु हे माहेर असे सुटले की पुन्हा कधी दृष्टीस पडले नाही.

पाच महिन्यांच्या प्रवासानंतर ही मंडळी ११ नोव्हेंबर रोजी कलकत्त्याकडे येऊन उतरली. हाती पैसा नाही, राहण्यास ठिकाण नाही, आणि डॉरोथी व फेलिक्स रक्ताच्या हगवणीने आजारी. काही महिने सुंदरबनच्या रानात काढल्यावर सन १७९४ च्या मध्यास उत्तर बंगालात मदनावटी येथील निळीच्या कारखान्यावर केरीसाहेबांस व्यवस्थापकाची जागा मिळाली. थोडे स्थैर्य आले असे वाटते न वाटते तोच त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर हगवणीने दगावला. आईबाप दोघेही आजारी. आणि त्या गावी शिवाशिवीच्या धाकामुळे कबर खणण्यास व देह उचलण्यास माणसे मिळेनात. स्वतःच्या लेकराचे प्रेत घरात, आणि मातीला हात लावण्यास कोणी नाही, ही वेळ त्या आईवर आली.

ह्यानंतर डॉरोथीचे मन ढासळले ते पुन्हा सावरले नाही. नवरा व्यभिचारी आहे असा तिला भ्रम जडला. ती रस्त्यात त्यांच्या मागे जाऊन ओरडे, लोकांपुढे आरोप करी, कधी अंगावर धावून जाई. पुढे पुढे तिला खोलीत बंद ठेवण्याची पाळी आली. एका खोलीत केरीसाहेब पंडितांस घेऊन भाषांतर करीत बसत व पलीकडच्या खोलीतून तिचा आक्रोश ऐकू येत असे. तिला वेड्यांच्या इस्पितळात ठेवावे असा सल्ला त्यांना मिळाला होता. परंतु त्या काळच्या अशा जागी माणसांचे काय हाल होत ते ते जाणून होते, म्हणून त्यांनी तिला घरीच ठेविले. अशी सुमारे बारा वर्षे गेली.

येथे आम्हास दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. पहिली, डॉरोथीचा हा रोग होता, तिचा दोष नव्हे. आमच्या खेड्यांत अजूनही अशा रोग्याला कोणी बाहेरची बाधा म्हणतो, कोणी सोंग म्हणतो. आज ह्या दुखण्यांवर औषधे आहेत व ती सरकारी दवाखान्यांतही मिळतात. डॉरोथीच्या काळी त्यातले काहीच नव्हते. दुसरी, केरीसाहेब थोर होते म्हणून त्यांच्या हातून काही चुकले नाही असे आम्ही म्हणणार नाही. ज्या ओझ्याखाली ती मोडली ते ओझे तिने आपणहून निवडलेले नव्हते, ते त्यांनी निवडलेले होते. देवाने त्या कार्यास यश दिले, तरी त्याचे मोल त्या अडाणी व एकट्या बाईनेही भरले, हे मंडळीने विसरू नये.

सन १८०० च्या जानेवारीत केरीसाहेब श्रीरामपुरास आले. हे गाव त्या वेळी डेन्मार्कच्या राजाच्या ताब्यात होते, म्हणून इंग्रज कंपनीचा मिशनऱ्यांना असलेला विरोध तेथे पोहोचत नव्हता. मार्शमन व वॉर्ड ह्या सहकाऱ्यांच्या कुटुंबांसह सर्वांनी एकत्र बिऱ्हाड केले. सर्वांचे जेवण एका मेजावर, सर्वांची मिळकत एका पेटीत. आई असून पोरक्या झालेल्या केरींच्या मुलांवर मार्शमनसाहेबांच्या पत्नी हॅना ह्यांनी मायेची पाखर घातली. सन १८०१ पासून केरीसाहेब कलकत्त्यास फोर्ट विल्यम कॉलेजात शिकवू लागले. दरमहा पाचशे व पुढे हजार रुपये पगार मिळे. त्यातील फारच थोडा भाग स्वतःकडे ठेवून बाकीचा ते मिशनच्या पेटीत टाकीत. असे दिवस चालले असता ता. ८ डिसेंबर १८०७ रोजी डॉरोथी तापाने मरण पावली. तिचे वय एक्कावन वर्षांचे होते.

आता त्याच गावातील दुसऱ्या एका घराकडे वळू. मिशनच्या आवाराजवळ नदीकाठी शार्लट एमिलिया रूमोर ह्या नावाच्या एक बाई राहत असत. त्यांचा जन्मही सन १७६१ मधलाच, श्लेस्विग प्रांतातील एका सरदार घराण्यातला. मुलगी असताना घराला आग लागली, त्या वेळी बसलेल्या धक्क्याने त्यांची प्रकृती कायमची बिघडली. काही काळ वाचा गेली, आणि चालण्याची शक्ती जवळजवळ नाहीशी झाली. युरोपातील उष्ण ठिकाणी राहून पाहिले. गुण आला नाही. हिंदुस्थानची हवा मानवेल असे सांगितल्यावरून त्या समुद्र ओलांडून डेन्मार्कच्या ह्या लहानशा वसाहतीत आल्या. त्यांना डॅनिश, जर्मन, फ्रेंच व इटालियन भाषा येत. इंग्रजी त्या केरीसाहेबांपाशी शिकल्या. घराण्यात धर्म नावापुरता होता. परंतु मिशनच्या माणसांच्या सहवासात शास्त्र वाचता वाचता त्यांचा विश्वास दृढ झाला, आणि सन १८०३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तेव्हापासून पाच वर्षे त्या मंडळीतच वागत होत्या.

डॉरोथीच्या मृत्यूनंतर काही महिन्यांतच केरीसाहेबांनी शार्लटबाईंशी लग्न करण्याचा विचार सहकाऱ्यांस कळविला, तेव्हा मोठी खळबळ उडाली. सहकाऱ्यांनी आपल्या सह्यांनिशी विरोध लिहून काढण्यापर्यंत मजल गेली. त्यांना सर्वांत खटकली ती घाई. पहिल्या पत्नीला जाऊन सहा महिनेही झाले नव्हते. तशात ह्या बाई बहुतेक वेळ पडून असत. एका रोग्याची बारा वर्षे सेवा केलेल्या माणसाने दुसरी रोगी घरात आणावी, हे पाहणाऱ्यांस चमत्कारिक वाटले तर नवल नाही. परंतु केरीसाहेबांचा निश्चय ढळला नाही, आणि विरोध करणारेही लवकरच निवळले. सन १८०८ च्या मे महिन्यात लग्न झाले. वराचे वय शेहेचाळीस, आणि वधू त्याच्याहून काही महिन्यांनी मोठी.

वाचकहो, ह्या निवडीकडे नीट पाहा. शेहेचाळीस वर्षांच्या, हजार रुपये पगाराच्या विधुराला तरुण व धडधाकट बायको मिळणे अवघड नव्हते. घरकाम हाच हेतू असता तर त्यांनी शार्लटबाईंकडे पाहिलेच नसते. जिला जिना चढणे कठीण, ती चूल कशी सांभाळणार? आणि चुलीची त्यांना उणीवही नव्हती. एकत्र बिऱ्हाडात जेवण मिळतच होते. उणीव होती ती अशा माणसाची की ज्याच्यापाशी दिवसभराचे बोलता येईल, ज्याला आपल्या कामाची गोडी असेल, आणि ज्याच्या शेजारी बसून प्रार्थना करता येईल. पहिल्या लग्नाच्या सव्वीस वर्षांत हे सुख त्यांच्या वाट्याला आले नव्हते. ते वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी आले.

शार्लटबाईंनी आपले घर मिशनला दिले व त्याचे भाडे देशी उपदेशकांच्या खर्चास लावून दिले. रोज त्या आपल्या ठाऊक असलेल्या निरनिराळ्या भाषांतील बायबल समोर ठेवून एकच वचन ताडून पाहत, आणि कोठे अर्थ अधिक स्पष्ट उतरला आहे ते पतीशी बोलत. ज्या वर्षांत मराठी कोश व मराठी नवा करार छापखान्यातून निघाले ती ह्याच संसाराची पहिली वर्षे होत. देशी ख्रिस्ती कुटुंबांतील बायकांशी बोलता यावे म्हणून त्या बंगालीही शिकल्या. गोरगरिबांची विचारपूस हा त्यांचा नेम होता. शरीराने अधू असलेले माणूस मंडळीला ओझे होते असे मानणाऱ्यांनी ह्या बाईंकडे पाहावे.

केरीसाहेब दर आठवड्यास होडीने कलकत्त्यास जात, तेथे शिकवीत, आणि शुक्रवारच्या सुमारास परत येत. तेवढ्या दिवसांतही पतिपत्नींची पत्रे एकमेकांस जात. ते थकले आहेत की चिंतेत आहेत, हे त्यांच्या मुद्रेवरून त्यांच्या पत्नीस तत्काळ समजे. दुःख लपविण्याचा प्रयत्न केला तर तो केवळ दुसऱ्याला त्रास होऊ नये म्हणून, आणि तोही फुकट जाई, असे केरीसाहेबांनी मागाहून लिहून ठेविले आहे. ज्याच्या पहिल्या पत्नीने भ्रमाने का होईना बारा वर्षे त्याच्यावर संशय घेतला, त्याला ह्या विश्वासाची किंमत केवढी वाटली असेल!

ता. ११ मार्च १८१२ च्या संध्याकाळी श्रीरामपूरच्या छापखान्याला आग लागली. केरीसाहेब त्या वेळी कलकत्त्यास होते. दुसऱ्या दिवशी मार्शमनसाहेबांनी जाऊन त्यांना ही बातमी दिली. कागद, अनेक लिपींचे खिळे, व्याकरणांची हस्तलिखिते, अनेक भाषांचा मिळून चाललेला मोठा कोश, सर्व भस्म झाले. नुकसान सुमारे दहा हजार पौंडांचे झाले. यंत्रे मात्र वाचली, आणि वितळलेले शिसे राखेतून काढून थोड्याच दिवसांत नवे खिळे पाडण्याचे काम सुरू झाले. केरीसाहेब पन्नाशीचे होते. वर्षानुवर्षांचे लिखाण पुन्हा पहिल्या पानापासून आरंभावयाचे होते, आणि ते त्यांनी आरंभिले. अशा वेळी रोज संध्याकाळी घरी कोण वाट पाहत आहे, ह्याला फार महत्त्व असते. आगीने जिचे सारे आयुष्य बदलून टाकले होते, ती बाई त्या घरी होती.

सावत्र आईचे नाते कठीण असते, हे आम्ही मंडळ्यांत वारंवार पाहतो. शार्लटबाई आल्या तेव्हा धाकटा जोनाथन बारा वर्षांचा होता, आणि थोरला फेलिक्स बावीस वर्षांचा होऊन ब्रह्मदेशाच्या कामावर निघाला होता. त्यांनी ह्या मुलांशी मायेचे नाते जोडले. सन १८१४ मध्ये जाबेझ दूर अंबोयना बेटावर गेला, तेव्हाही आईची पत्रे त्यास जात राहिली. त्याच वर्षी फेलिक्सची पत्नी व मुले ब्रह्मदेशातील नदीत बुडून मेली. तो दुःखाने दिशाहीन होऊन काही वर्षे भटकत राहिला आणि सन १८१८ मध्ये परत बापाच्या घरी आला. तेथे त्याला ही दुसरी आई होती.

ता. ३० मे १८२१ रोजी शार्लटबाई वारल्या. तेरा वर्षे व तीन आठवडे हा संसार चालला. आपल्याइतके सुखी दांपत्य क्वचितच असेल, आणि आपल्या वाट्यास आलेला एकांत फार जड आहे, अशा अर्थाचे केरीसाहेबांनी तेव्हा लिहिले. पुढल्या वर्षी नोव्हेंबरात फेलिक्सही गेला. पुस्तके होती, कॉलेज होते, पाच एकरांची बाग होती. परंतु घर रिकामे होते.

साठी उलटल्यावर केरीसाहेबांनी पुन्हा विवाह केला. ह्या खेपेस वधू ग्रेस ह्यूज नावाची विधवा बाई होती. ह्या गोष्टीचे महत्त्व समजण्यास त्या काळचा बंगाल डोळ्यांपुढे आणला पाहिजे. केरीसाहेबांनी सन १७९९ मध्ये एका विधवेला नवऱ्याच्या चितेवर जाळताना आपल्या डोळ्यांनी पाहिले होते, आणि अडविण्याचा प्रयत्न करूनही त्यांचे काही चालले नव्हते. त्यानंतर तीस वर्षे त्यांनी ह्या चालीविरुद्ध झटून काम केले. सन १८२९ च्या डिसेंबरात सती बंद करण्याचा हुकूम निघाला आणि तो बंगालीत उतरविण्यासाठी त्यांच्याकडे आला, तो दिवस रविवारचा होता. एका तासाचा उशीर झाला तरी एखाद्या बाईचा जीव जाईल, ह्या विचाराने त्यांनी त्या दिवशीचा उपदेश दुसऱ्याकडे सोपविला आणि संध्याकाळपर्यंत भाषांतर पुरे केले. ज्या देशात विधुराने वाटेल तितकी लग्ने करावी व विधवेने जळावे किंवा कुढावे अशी रीत होती, तेथे ह्या वृद्ध पाळकाच्या घरात एक विधवा मानाने गृहिणी होऊन बसली होती. हिंदु विधवांच्या पुनर्विवाहास कायद्याची संमती मिळाली ती सन १८५६ मध्ये, म्हणजे केरीसाहेबांच्या मृत्यूनंतर बावीस वर्षांनी.

ग्रेसबाई शार्लटबाईंसारख्या विदुषी नव्हत्या. परंतु सेवेची वेळ आली तेव्हा त्या कमी पडल्या नाहीत. सन १८२३ च्या ऑक्टोबरात एके रात्री कलकत्त्याहून परत येताना होडीतून उतरतेवेळी केरीसाहेबांचा पाय घसरला व कंबरेला जबर इजा झाली. पाठोपाठ कडक ताप आला. जगण्याची आशा राहिली नाही. त्याच दिवसांत दामोदर नदीच्या पुराचे पाणी गावात शिरून त्यांची बागही वाहून गेली. कित्येक महिने त्यांना कुबड्यांवाचून चालता येईना, आणि पायातील अधूपणा शेवटपर्यंत राहिला. ह्या दुखण्यात व त्यानंतरच्या सर्व वर्षांत ग्रेसबाईंनी त्यांची शुश्रूषा केली. अखेरीस ते इतके क्षीण झाले की त्यांना चाकांच्या खुर्चीत बसवून बागेत नेत. ता. ९ जून १८३४ रोजी सकाळी वयाच्या बहात्तराव्या वर्षी त्यांनी देह ठेविला. पुढच्याच वर्षी ग्रेसबाईही वारल्या.

केरीसाहेबांनी मृत्युपत्रात लिहून ठेविले होते की, आपली मूठमाती अगदी साध्या रीतीने व्हावी, आणि आपल्याला आपल्या दुसऱ्या पत्नीच्या, शार्लट एमिलिया हिच्या शेजारी ठेवावे. त्याप्रमाणे श्रीरामपूरच्या मिशनच्या कबरस्तानात त्यांना ठेविले. डॉरोथीला त्यांनी टाकले नाही आणि ग्रेसबाईंचे उपकार ते विसरले नाहीत. परंतु शेवटच्या विसाव्याची जागा निवडताना त्यांनी त्या पांगळ्या बाईंच्या शेजारची जागा मागून घेतली.

ह्या चरित्रातून आमच्या मंडळ्यांनी काय घ्यावे? सहा महिन्यांत लग्न करावे असा धडा आम्ही ह्यातून काढीत नाही. केरींचे सहकारी शहाणे व प्रेमळ होते, आणि त्यांना ती घाई वाटली, ह्यात तथ्य होते. दुःखाला त्याचा काळ द्यावा, मुलांची मने तयार करावी, मग पाऊल टाकावे. त्याचबरोबर सहकाऱ्यांकडूनही शिकण्यासारखे आहे. त्यांना जे खटकले ते त्यांनी पाठीमागे न कुजबुजता तोंडावर सांगितले, आणि विवाह झाल्यावर वधूला आपल्या मेजावर जागा दिली. हरकत असलेल्यांनी आजही पाळकापाशी किंवा पंचांपुढे ती स्पष्ट बोलावी. आणि लग्न लागल्यावर तोंड बंद ठेवून त्या घरी जाऊन जेवावे.

उतारवयात लग्न करू इच्छिणाऱ्या पुरुषांस आमचे सांगणे असे की, आपल्या वयाला साजेसे माणूस शोधा. गरीब घरची विशी-बाविशीची पोर पन्नाशीच्या पदरी बांधून, म्हातारपणी कोणी करणारे हवे असे म्हणणे हा सौदा आहे. त्याला विवाहाचे पवित्र नाव देऊ नये. तुमच्याच मंडळीत तुमच्याच वयाची एखादी विधवा लेकरे वाढवून, सुना आणून, आता संध्याकाळी उंबऱ्यावर एकटी बसत असेल. तिलाही बोलायला माणूस हवे असते, हे तिच्या मुलांनी आणि मंडळीनेही समजून घ्यावे. पहिल्या घरच्या मुलांचा जमिनीतील हिस्सा लग्नाआधीच कागदावर लिहून ठेवावा; पुष्कळशी भांडणे सावत्रपणापेक्षा सातबाऱ्यावरून होतात. आणि भिंतीवरची पहिल्या जोडीदाराची तसबीर नव्या माणसाने काढावयास लावू नये. जो गेलेल्याचा मान राखतो तोच आलेल्याचाही राखील.

केरीसाहेबांनी तरुणपणी लग्न केले तेव्हा संसार म्हणजे काय ते त्यांना कळत नव्हते. शेहेचाळिसाव्या वर्षी केले तेव्हा दुःखाने ते त्यांना शिकविले होते. प्रभू काही जणांना हे दान दिवसाच्या पहिल्या प्रहरी देतो, काहींना तिसऱ्या प्रहरी. ज्यांना ते उशिरा मिळते त्यांच्या दारापुढून जाताना आमच्या मंडळ्यांनी हसू नये. दार वाजवून आत जावे व त्यांच्याबरोबर देवाचे आभार मानावे.